बाळसं आणि तराजू

(रेडिओवरील भाषणाचं संपादित शब्दांकन)

पुण्याहून नगर रस्त्याने निघालं, की भीमा नदीच्या पुलाअलीकडे पेरणे गावच्या हद्दीत जयस्तंभ लागतो आणि पूल ओलांडला की कोरेगाव भीमा. तिथून आत वळलं की चार-पाच किलोमीटरवर वढू बुद्रुक. कोरेगाव म्हटलं की १ जानेवारी १८१८ ची लढाई आठवते, वढू म्हटलं की छत्रपती संभाजी महाराजांची समाधी. या दोन्ही गोष्टींवर पुष्कळ लिहिलं-बोललं गेलं आहे. मला आज याच परिसराशी जोडलेल्या एका वेगळ्या इतिहासाविषयी बोलायचं आहे. त्यात तलवार नाही, तोफ नाही. त्यात एक तराजू आहे आणि त्यात घातलेलं आठ-दहा दिवसांचं बाळ आहे. हा तराजू आपल्या घरात कसा आला, त्याने काय दिलं आणि कुठे चकवलं, याची ही गोष्ट.

मराठीत एक फार नेमका शब्द आहे, 'बाळसं'. बाळ नुसतं वाढत नाही, ते बाळसं धरतं. गालावर, मांडीवर, मनगटावर वळ्या दिसू लागल्या की आजी समाधानाने म्हणते, 'आता बाळसं धरलं हो!' आणि दृष्ट लागू नये म्हणून लगेच तीट लावते. बाळसं धरलं नाही, तर सगळं घर आईकडे बघायला लागतं. 'तुला दूध पुरतंय ना?' हा प्रश्न कानावर पडला नाही अशी बाळंतीण मला तरी माहीत नाही. मग अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, मेथी, शतावरी सुरू होतं. यातलं काही आईच्या अंगी लागतं, काही नुसतंच मायेचं असतं. पण प्रश्न फार जुना आहे. आयुर्वेदाच्या ग्रंथांत स्तन्यपरीक्षा सांगितली आहे. दूध पाण्यात टाकावं, ते पाण्याशी एकजीव झालं तर शुद्ध समजावं. म्हणजे दूध कसं आहे याचा विचार आपल्याकडे शेकडो वर्षांपूर्वी झाला होता. बाळाच्या पोटात ते किती गेलं, हे मोजण्याचं साधन मात्र नव्हतं.

त्याच वेळी काही रूढी अशा होत्या, की त्यांनी दुधाची वाट सुरुवातीलाच अडवली. पहिल्या दोन-तीन दिवसांचं घट्ट पिवळसर दूध, ज्याला आपण चीक म्हणतो, ते जड म्हणून किंवा खराब म्हणून पिळून टाकलं जाई. गाईचा चीक आपण आवडीने खरवस करून खातो आणि माणसाच्या बाळाला त्याचा चीक नाकारतो, असा हा उफराटा न्याय. तोवर बाळाला मध, साखरेचं पाणी, गुटी. चोच असलेल्या बोंडल्याने शेळीचं नाहीतर गाईचं दूध. पाचव्या दिवशी सटवाई पूजली जायची, ती बाळाचं भविष्य लिहिते अशा श्रद्धेने. त्या पाच दिवसांत काय घडतं त्यावर बाळाचं भविष्य खरोखरच पुष्कळसं ठरतं, ही गोष्ट मला नेहमी विलक्षण वाटते.

आनंदीबाई जोशींचं चरित्र आपण शाळेत वाचतो. परदेशी जाऊन वैद्यकीची पदवी मिळवणारी ती पहिली मराठी मुलगी. पण त्या चौदा वर्षांच्या असताना त्यांना मुलगा झाला आणि तो अवघा दहा दिवस जगला, हे आपण पटकन वाचून पुढे जातो. डॉक्टर होण्याच्या त्यांच्या निश्चयामागे हे दुःख होतं असं त्यांचे चरित्रकार सांगतात. १८८६ साली फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून त्या पदवीधर झाल्या तेव्हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता प्राचीन हिंदूंचं प्रसूतिशास्त्र. पुढच्याच वर्षी, १८८७ साली, पुण्यात त्यांचं निधन झालं. दहा दिवसांचं मूल जाणं ही त्या काळी घरोघरची गोष्ट होती. त्याची नोंद होत नव्हती, कारण बारशाआधी गेलेल्या बाळाला नावही नसायचं.

आता तराजूकडे येऊ. नवजात बाळ किती वजनाचं असतं, हे युरोपातल्या डॉक्टरांनाही फार काळ ठाऊक नव्हतं. जुन्या ग्रंथांतून भरमसाट आकडे दिलेले असत, कारण कुणी मोजलंच नव्हतं. १७५३ साली जर्मनीतल्या ग्योटिंगेनच्या रोडरर या प्रसूतितज्ज्ञाने बाळं प्रत्यक्ष तोलली, तेव्हा कुठे खरा आकडा हाती आला. पण जन्माला आल्यावर दर आठवड्याला वजन करायचं आणि त्यावरून बाळाचं कसं चाललं आहे हे ठरवायचं, ही पद्धत रुळली ती पॅरिसमध्ये. पिएर ब्युदें नावाच्या प्रसूतितज्ज्ञाने १८९२ साली शारिते रुग्णालयात, तिथे बाळंत झालेल्या गरीब बायकांसाठी, तान्ह्या बाळांचा दवाखाना सुरू केला. बाया बाळं घेऊन यायच्या, वजन व्हायचं, वहीत लिहिलं जायचं. ब्युदेंचा कटाक्ष असा, की वजन हळू वाढतंय म्हणून लगेच बाटली द्यायची नाही. आधी आईला अंगावर पाजायला मदत करायची. म्हणजे तराजू जन्माला आला तो आईच्या दुधाची बाजू घेऊन.

पुढे मात्र तो दुसऱ्या बाजूला गेला. डब्यातलं बाळाचं अन्न १८६७ पासून युरोपात विकलं जाऊ लागलं होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूझीलंडच्या ट्रुबी किंग या डॉक्टरने घड्याळ लावून पाजण्याची शिस्त घालून दिली. दर चार तासांनी पाजायचं, रात्री नाही, मध्ये रडलं तरी उचलायचं नाही. इंग्रजी शिकलेल्या शहरी घरांतून हा नियम आपल्याकडेही आला. आता गंमत बघा. आईच्या दुधाचं शास्त्र विहिरीच्या झऱ्यासारखं आहे. उपसा होईल तसं पाणी येतं. बाळ जितकं ओढेल, जितक्या वेळा ओढेल, तितकं दूध तयार होतं. छाती भरलेली राहिली तर शरीर समजतं, गरज नाही, आणि उत्पादन कमी करतं. नवजात बाळाला दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजावं लागतं. चार तासांच्या शिस्तीत ते पाच-सहावर येतं. मग दूध आटतं, वजन वाढत नाही, तराजू ते दाखवतो आणि मग डबा येतो. आधी घड्याळाने दूध आटवलं आणि नंतर तराजूने आईला दोषी ठरवलं, असा हा प्रकार.

डब्यांच्या जाहिरातीत बाळ कसं असायचं, हे जुन्या लोकांना आठवत असेल. गुबगुबीत, गोरंपान, हसरं. गावोगावी 'सुदृढ बालक स्पर्धा' व्हायच्या आणि त्यात सर्वांत जाड बाळाला बक्षीस मिळायचं. बाळसं या आपल्या मायेच्या शब्दाला कुणीतरी बाजारात उभं केलं होतं. पाणी दूषित, बाटली उकळायला इंधन नाही, डबा महाग म्हणून पावडर पातळ कालवलेली. अशा घरात त्या डब्याने जुलाब आणले, मुडदूस आणला. डॉ. सिसिली विल्यम्स यांनी १९३९ साली सिंगापूरच्या रोटरी क्लबमध्ये भाषण करून हे मृत्यू म्हणजे खूनच आहेत असं बजावलं होतं. जगाने ते ऐकायला चाळीस वर्षं लावली. १९८१ साली जागतिक आरोग्य परिषदेने डब्यांच्या विक्रीसाठी आचारसंहिता केली. ३ डिसेंबर १९९१ रोजी आपल्या वर्ध्यात स्तनपान प्रोत्साहनासाठीची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. १९९२ साली भारताने कायदा केला आणि २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. या कायद्यामुळे तान्ह्या बाळाच्या अन्नाची जाहिरात करता येत नाही, फुकट नमुने वाटता येत नाहीत, डब्यावर बाळाचं चित्रसुद्धा छापता येत नाही. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मातृदुग्धपेढी सुरू केली, ती आशियातली पहिली. ज्या अशक्त बाळाच्या आईला दूध नाही, त्यालाही दुसऱ्या आईचंच दूध मिळावं, हा त्यामागचा विचार होता.

आता पुन्हा भीमेच्या काठी येऊ. पुण्याच्या रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयात डॉ. बानू कोयाजी १९४४ साली रुजू झाल्या. तेव्हा ते चाळीसेक खाटांचं प्रसूतिगृह होतं. त्यांनी ते पाचशेहून अधिक खाटांचं केलं. पण रुग्णालय मोठं करून भागत नाही, हे त्यांना कळत होतं. खेड्यातली बाई पुण्याला पोचते ती हाताबाहेर गेल्यावर. म्हणून सत्तरच्या दशकात त्यांनी वढू बुद्रुकला ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभा केला. गावातल्याच माणसांना शिकवून आरोग्यसेवक केलं, गर्भवतींची आणि बाळांची घरी जाऊन विचारपूस सुरू केली. १९९३ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००४ मध्ये त्या गेल्या. त्यांच्यामागे काम थांबलं नाही. २००२ पासून शिरूर आणि हवेली तालुक्यांतल्या बावीस गावांत घरोघर जाऊन जन्म, मृत्यू आणि स्थलांतर यांची नियमित नोंद होऊ लागली. ज्या मुलखात बारशाआधी गेलेलं बाळ कुणाच्या कागदावर येत नव्हतं, तिथे प्रत्येक जन्म कागदावर येऊ लागला. मला ही लहान गोष्ट वाटत नाही.

याच केईएमच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवतींचा अभ्यास सुरू केला. बाया काय खातात, किती कष्ट करतात, बाळ किती वजनाचं होतं, हे सगळं मोजलं. बाळांचं सरासरी वजन भरलं २.७ किलोच्या आसपास. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं होतं साडेतीन किलो. पण खरी नवल वाटणारी गोष्ट पुढेच आहे. आपलं बाळ सगळीकडून सारखं लहान नव्हतं. स्नायू कमी, पोटाचा घेर कमी, पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. दिसायला किडकिडीत, आत चरबी राखलेलं बाळ. गरोदरपणात ज्या बायांच्या जेवणात पालेभाज्या, फळं आणि दूध अधिक वेळा होतं, त्यांची बाळं मोठी होती असंही दिसलं. आणि पुण्यातल्याच आठ वर्षांच्या मुलांच्या आणखी एका अभ्यासात आढळलं, की जन्मतः लहान असलेली आणि नंतर भराभर वजनदार झालेली मुलं पुढे मधुमेहाच्या वाटेवर अधिक दिसतात. याचा अर्थ, लहान बाळाला डब्यावर घालून चटचट फुगवणं हे बाळसं नव्हे. आणि बाळ अडीच किलोचं झालं याचा जाब बाळंतिणीच्या दुधाला विचारून उपयोग नाही, तो तिच्या गरोदरपणातल्या ताटाला विचारला पाहिजे.

मग प्रश्न येतो, बाळ नीट वाढतंय हे ठरवायचं कोणत्या मापाने? डॉ. डेव्हिड मॉर्ले या इंग्रज डॉक्टरने नायजेरियातल्या इमेसी गावात काम करताना वाढीचा एक साधा तक्ता बनवला. आईनेच जपून ठेवायचा, दर महिन्याला एक ठिपका, ठिपके जोडून रेघ. रेघ कुठे आहे यापेक्षा ती कुठे चालली आहे, हे महत्त्वाचं. भारतात २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, महाराष्ट्रात मेळघाटातल्या धारणीपासून, आणि अंगणवाडीत तराजू आणि तक्ता आला.

पण त्या तक्त्यातल्या रेघा कुणाच्या होत्या? आपल्या अंगणवाडीत अनेक वर्षं अमेरिकेतल्या बॉस्टनच्या मुलांवरून केलेली मापं चालली. जगभर १९७८ पासून चाललेलं दुसरं माप होतं अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या मुलांचं, आणि ती बहुतेक बाटलीवर वाढलेली होती. अंगावर पिणारं बाळ पहिले दोन-तीन महिने जोमाने वाढतं आणि नंतर त्याची वाढ थोडी संथ होते. हा त्याचा निसर्ग आहे. बाटलीच्या बाळांच्या तक्त्यावर ठेवलं, की तेच बाळ चौथ्या महिन्यात मागे पडल्यासारखं दिसतं. अशा किती आयांना तक्त्याकडे बोट दाखवून 'वरचं सुरू करा' सांगितलं गेलं असेल, याची गणती नाही. अखेर जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका अशा सहा देशांतल्या सुमारे साडेआठ हजार मुलांना मोजलं. पायाच मानला अंगावर पिणाऱ्या बाळांचा. भारतातून दक्षिण दिल्लीची मुलं होती. २००६ साली नवी मापं प्रसिद्ध झाली आणि २००८ मध्ये आपल्या अंगणवाड्यांनीही ती स्वीकारली. माप बदललं आणि आईच्या दुधाला उशिरा का होईना न्याय मिळाला.

इथे एक गोष्ट मात्र नीट लक्षात घ्यायला हवी. जुन्या तक्त्याची चूक होती ती तीन महिन्यांनंतरच्या बाळाबाबत. पहिल्या महिन्यात वजन न वाढणं ही निराळी बाब आहे. तिथे 'अंगावरचं बाळ आहे, हळूच वाढणार' म्हणून गप्प बसणं धोक्याचं. जन्मानंतर पहिल्या तीन-चार दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतं, ते स्वाभाविक आहे. पण ते दहा टक्क्यांपर्यंत जाऊ लागलं, किंवा दोन आठवड्यांत बाळ जन्माच्या वजनावर परत आलं नाही, तर बघायलाच हवं. त्यानंतर पहिले तीन महिने दिवसाला सरासरी वीस ते तीस ग्रॅम, म्हणजे आठवड्याला दीड-दोनशे ग्रॅम वाढ अपेक्षित असते. अंगणवाडीत वर्षानुवर्षं टांगलेला घड्याळी काटा शंभर-शंभर ग्रॅमनी सरकायचा. त्याच्यावर एवढीशी वाढ कळणार कशी? त्यामुळे मोठी मुलं मोजली गेली आणि ज्यांचा जीव सर्वांत नाजूक, ती पहिल्या महिन्यातली बाळं मापाबाहेर राहिली.

ती उणीव भरून काढली गडचिरोलीने. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने तिथल्या ३९ गावांत नव्वदच्या दशकात घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याचा प्रयोग केला. गावातलीच एक बाई आरोग्यदूत. तिच्याकडे झोळी आणि हातात धरायचा लहान ताणकाटा. ठरल्या दिवशी ती घरी जायची, बाळाला झोळीत घालून तोलायची, आईला पाजताना बघायची, ऊब द्यायला शिकवायची. सुरुवातीच्या पाहणीत ४२ टक्के बाळं अडीच किलोपेक्षा कमी वजनाची निघाली. तीन वर्षांत नवजात बाळांचे मृत्यू शेजारच्या गावांच्या तुलनेत ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ साली हे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालं आणि २०११ पासून ही पद्धत देशभर आशाताईंकडे आली. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताईने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी यायचं असतं.

आज कोरेगाव भीमा, सणसवाडी, शिक्रापूर हा सगळा पट्टा कारखान्यांचा झाला आहे. मराठवाड्यातून, विदर्भातून, उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेली जोडपी पत्र्याच्या खोल्यांत राहतात. सासू नाही, आई नाही, अळिवाची खीर करायला कुणी नाही. २०१७ साली प्रसूतिरजा बारावरून सव्वीस आठवड्यांची झाली, पण ठेकेदाराकडे कामाला असलेल्या बाईच्या पदरात ती पडतेच असं नाही. आणि सहा महिने निव्वळ आईचं दूध हा सल्ला जागतिक आरोग्य संघटना २००१ पासून देते आहे. अशा खोलीत बाळाचं वजन वाढेना झालं, तर घरातल्या घरात ओळखायच्या खुणा साध्या आहेत. दुसऱ्या आठवड्यात दिवसाला सहा-सात वेळा लंगोट ओला होतो का? पिताना गिळल्याचा आवाज येतो का? की बाळ नुसतं स्तनाग्र तोंडात धरून पाच मिनिटांत झोपतं? तोंड मोठं उघडून काळा भागही तोंडात गेला पाहिजे, आणि झोपाळू बाळाला उठवून पाजलं पाहिजे. बहुतेक बाळं एवढ्याने रुळावर येतात. पाणी, मध, गुटी यांनी पोट भरतं, वजन वाढत नाही. वजन करायचं ते त्याच काट्यावर, कपडे काढून.

तरीही वाढलं नाही, बाळ पिताना दमलं, घामाघूम झालं, अंग पिवळं पडलं, थंड पडलं, तर मात्र घरगुती उपाय करत बसू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा. हृदयाचा दोष असेल, जंतुसंसर्ग असेल, आईचं थायरॉईड असेल, रक्त कमी असेल. कधी खरोखरच दूध अपुरं असतं, आणि तेव्हा डॉक्टरांच्या सल्ल्याने वरचं दूध देणं हा आईचा पराभव नव्हे. दुधासाठी कडा उतरून गेलेल्या हिरकणीची गोष्ट आपण अभिमानाने सांगतो, पण प्रत्येक बाळंतिणीने एकटीनेच कडा उतरावा अशी अपेक्षा कशाला करायची?

तराजूचा हा अडीचशे वर्षांचा प्रवास पाहताना मला एकच गोष्ट वारंवार दिसते. काटा खोटं बोलत नाही, पण तो कुणाच्या हातात आहे यावर त्याचं बोलणं ठरतं. डबा विकणाऱ्याच्या हातात तो धाक झाला, घड्याळ लावणाऱ्याच्या हातात शिक्षा झाला. पॅरिसच्या त्या दवाखान्यात आणि गडचिरोलीच्या झोपडीत तोच काटा आईच्या बाजूने उभा राहिला. आशाताई तिसऱ्या दिवशी दाराशी येईल तेव्हा तिला 'आमचं बरं चाललंय' म्हणून परत पाठवू नका. बाळाला तोलू द्या, कार्डावर ठिपका मांडू द्या. आणि आकडा कमी भरला, तर घरातल्या माणसांनी बाळंतिणीला पहिला प्रश्न 'दूध पुरतं का?' हा विचारू नये. 'तू जेवलीस का? रात्री झोप मिळाली का?' हे विचारावं.